तोंडी हिशेब : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पाढे, हातचा, टक्केवारी आणि न जुळणारा रोजमेळ या विषयांवर आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देत आहोत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : आमच्या लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी रोज संध्याकाळी म्हणून घेत. माझ्या सहावीतल्या नातवाला सतराचा पाढाही येत नाही. हे सगळं गेलं ते कायमचंच का? पुन्हा शिकवायचं तर सुरुवात कुठून करावी?
— एक आजोबा, वाई

उत्तर : ही कोष्टकं, म्हणजे अपूर्णांकांचे पाढे, गेली यात मुलांचा दोष नाही. ज्या नाण्यामापांसाठी ती होती, ती नाणीमापंच गेली. रुपयाचे १६ आणे आणि आण्याचे ४ पैसे, म्हणजे रुपयाचे ६४ पैसे. या आकड्यांचे अर्धे, पाव, अर्धपाव करा, बाकी उरत नसे. पावली, अधेली, चवली ही तर नाणीच होती. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि जुना आणा सव्वासहा नव्या पैशांचा झाला. पाठोपाठ शेर-मण जाऊन किलो आला आणि शाळेनं अपूर्णांकांचे पाढे हळूहळू सोडून दिले.

अपूर्णांक मात्र बाजारातून कुठेही गेलेला नाही. पाव किलो मिरची, पाऊण किलो भेंडी, सव्वा किलो तूरडाळ, दीड मीटर अस्तर हे आजही रोजचं आहे. म्हणून नातवाला चालीवरचं पाठांतर नको, त्यातली क्रिया शिकवा. ती एकच आहे : अर्ध्याचं अर्ध करणं. भेंडी ८४ रुपये किलो असेल तर ८४ चं अर्ध ४२, त्याचं अर्ध २१, हा झाला पाव. आता पाऊण म्हणजे ८४ वजा २१, ६३. सव्वा म्हणजे ८४ अधिक २१, १०५. दीड म्हणजे ८४ अधिक ४२, १२६. अडीचसाठी दहापट करून तिचा पाव घ्या : ८४० चं अर्ध ४२०, त्याचं अर्ध २१०. मुलाला एकट्या ‘अर्ध’ची सवय झाली की पाच कोष्टकं हाताशी येतात. विषम संख्येचं अर्ध करताना मुलं अडतात (७० चं अर्ध ३५, पण ३५ चं अर्ध किती?), म्हणून सुरुवातीला चारानं भाग जाणारे भाव घ्या : ४०, ४८, ६०, ८४, १२०. आठवड्याभरानं ७०, ९० घ्या.

औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. ‘औट हात’ देह संतवाङ्मयात भेटतो, पण साडेतीननं गुणायची वेळ आता क्वचितच येते. तो राहिला तरी चालेल. अडीचकी मात्र सोडू नका, सातबारा वाचणाऱ्या घरात तर नाहीच नाही. १ हेक्टर म्हणजे २.४७१ एकर, म्हणून हेक्टरांची अडीचपट करून त्यातून साधारण एक टक्का काढला की एकर मिळतात. ३ हेक्टरांची अडीचपट साडेसात, वजा अदमासे ०.०९, म्हणजे ७.४१ एकर. आर आणि गुंठे तर जवळजवळ सारखेच असतात : १ आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि १ गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. उताऱ्यावर ८४ आर असेल तर एक वजा करा, ८३ गुंठे, म्हणजे २ एकर ३ गुंठे. गुंठ्याचे चौरस फूट हवे असतील तर १०८९ हा आकडा (३३ गुणिले ३३) ‘११०० वजा ११’ असा लक्षात ठेवा. ७ गुंठे म्हणजे ७७०० वजा ७७, ७६२३ चौरस फूट.

आता सतराचा पाढा. २ ते ९ या अंकांचे एकमेकांशी होणारे गुणाकार, उलटसुलट जोड्या एकच धरून, फक्त ३६ आहेत. ते झोपेतून उठवून विचारले तरी आले पाहिजेत, यात सवलत नाही. त्यापुढचं फोडून करता येतं : सतरा अठ्ठे म्हणजे दहा अठ्ठे ८० आणि सात अठ्ठे ५६, मिळून १३६. वीसपर्यंत पाठ असेल तर उत्तमच. पण सतराचा पाढा घडाघडा येतो आणि सात अठ्ठ्याला अडखळतो, अशी मुलं पुष्कळ आहेत, आणि तो क्रम चुकीचा आहे. एक खूण सांगतो. ‘सात अठ्ठे?’ विचारल्यावर मूल मनात ‘सात एके सात’पासून सुरू करत असेल, तर त्याला गाणं पाठ आहे, गुणाकार नाही. अशा वेळी पाढा उलटा आणि मधूनमधून विचारा. ‘५६ कुठल्या पाढ्यांत येतात?’ असंही विचारा. भागाकाराला हाच प्रश्न लागतो.

प्रश्न : चौथीतली मुलगी १००० मधून ३६७ वजा करून ७४३ लिहिते. हातचा समजावून थकलो. दर वेळी ‘हो, कळलं’ म्हणते आणि पुन्हा तेच.
— एक पालक, अकोला

उत्तर : ७४३ हे उत्तर नीट पाहिलं तर ती कुठे चुकते ते त्यातच लिहिलेलं आहे. १० वजा ७, ३. १० वजा ६, ४. १० वजा ३, ७. प्रत्येक घरात तिनं नवा दहा आणला, पण उसना दिलेल्या घरातून एक कमी केलाच नाही. एकच हजाराची नोट तिनं तीनदा मोडली! बरोबर उत्तर ६३३.

मुलांच्या वजाबाकीतल्या चुका बहुतेक तीनच प्रकारच्या असतात आणि उत्तरावरून ओळखता येतात. पहिली, लहान अंक मोठ्यातून काढणं : ५२ वजा २७ चं उत्तर ३५ आलं म्हणजे मुलानं २ मधून ७ ऐवजी ७ मधून २ काढले. दुसरी, तुमच्या मुलीची. तिसरी, मधल्या शून्याची : ७०३ वजा २५८ चं उत्तर ४५५ आलं, तर शून्याचे दहा झाल्यावर त्यातून एक एककाला दिला आणि नऊच उरले, हे विसरलं. उत्तर ४४५ हवं. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. म्हणून ‘पुन्हा कर’ म्हणण्याआधी चूक कुठल्या जातीची ते बघा.

तुमच्या मुलीला कागद बाजूला ठेवून खेळण्यातल्या नोटा द्या. हजाराची एक नोट, आणि त्यातून ३६७ द्यायचे. हजाराचे सुटे करताना शंभराच्या दहा नोटा येतील. त्यातली एक मोडून दहाच्या दहा. त्यातली एक मोडून रुपयाची दहा नाणी. आता तिच्यासमोर ९ शंभर, ९ दहा आणि १० सुटे आहेत. हे तिनं स्वतःच्या हातानं मोडलेलं असलं पाहिजे. तुम्ही मोडून दाखवलंत तर ती पुन्हा ‘कळलं’ म्हणेल. ‘सगळे नवातून, शेवटचा दहातून’ हा नियम मग तिला तिचाच वाटेल : ९ वजा ३, ६, ९ वजा ६, ३, १० वजा ७, ३.

तोंडी करायला मात्र उसना घेणं ही वाट मुळातच अवघड आहे, कारण अर्धवट मोडलेली संख्या डोक्यात धरून ठेवावी लागते. सुटे परत देताना दुकानदार करतो तसं पुढे मोजत जा : ३६७ वर ३ दिले, ३७०, त्यावर ३० दिले, ४००, त्यावर ६००, हजार. दिलेले मिळवले, ६३३. किंवा दोन्ही संख्या सारख्याच सरकवा : ७०३ वजा २५८ म्हणजेच ७०५ वजा २६०. हे बघताक्षणी ४४५.

प्रश्न : आमच्या शाळेत दुसरी-तिसरीतली मुलं ‘त्रेपन्न’ ऐकून ३५ लिहितात. २०१९ मध्ये आलेली ‘पन्नास तीन’ ही पद्धत वापरावी की जुनीच? पालक नाराज होतात.
— एक शिक्षिका, पालघर जिल्हा

उत्तर : दोन्ही वापरा, आणि त्याच वेळी वापरा. ज्यांना प्रकरण आठवत नसेल त्यांच्यासाठी : २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असं वाचन आलं आणि राज्यभर गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. त्यांचं म्हणणं साधं होतं : मराठीत आपण ‘त्रे-पन्न’ म्हणतो तेव्हा तीन आधी बोलतो आणि पन्नास नंतर, पण लिहिताना पाच आधी येतो. तेलुगू, कन्नड, तमिळ मुलांना आणि इंग्रजीत शिकणाऱ्यांना ही उलटापालट करावी लागत नाही. ही अडचण खरी आहे. तुमची मुलं ३५ लिहितात ते हाच गोंधळ होऊन.

पण जुने शब्द बाजूला सारणंही बरं नाही. घरी, बसमध्ये, बाजारात त्रेपन्नच ऐकू येणार. म्हणून वर्गात एका दमात म्हणून घ्या : ‘पन्नास तीन, त्रेपन्न’. आधी रचना, मग नाव. सोबत दोन कार्डं ठेवा : एक लांब, ५० लिहिलेलं, आणि एक आखूड, ३ लिहिलेलं. आखूड कार्ड शून्यावर ठेवलं की ५३ दिसतात. मुलाने ३५ लिहिलं की खोडायला लावू नका, ३० आणि ५ ची कार्डं लावायला सांगा आणि वाचून घ्या. चूक त्याची त्यालाच दिसते.

जास्त वेळ द्यायला हवा तो ‘एकोण’च्या घराला. एकोणसत्तर ऐकलं की मुलाच्या कानात ‘सत्तर’ राहतो आणि ते ७९ किंवा ७१ लिहितं. ‘एक कमी सत्तर’ अशी फोड सांगा, आणि श्रुतलेखनात २९ व ३९, ५९ व ६९, ६९ व ७९ अशा जोड्या मुद्दाम एकामागून एक घ्या. गंमत अशी की एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत ही रीत न चुकता चालते आणि ९९ ला मोडते. तिथे एकोणशंभर नाही, नव्व्याण्णव आहे. हुशार मूल ‘एकोणशंभर’ म्हणालं तर त्याला चूक म्हणू नका. त्यानं नियम बरोबर पकडला आहे, आणि ते त्याला सांगा.

प्रश्न : माझं किराणा दुकान आहे. दोन अडचणी. एक : ५०० वर १८ टक्के जीएसटी लावून ५९० होतात, पण ५९० मधून कॅल्क्युलेटरवर १८ टक्के वजा केले तर ४८३.८० येतात. दोन : रात्री गल्ला आणि वही जुळत नाही. सगळी पावती-पावती तपासत बसावं लागतं. काही तोंडी युक्ती आहे का?
— एक दुकानदार, परभणी

उत्तर : कॅल्क्युलेटर बरोबर आहे, पायाच बदललेला आहे. आधी १८ टक्के ५०० चे होते, ९० रुपये. वजा करताना तुम्ही ५९० चे १८ टक्के काढले, १०६.२०. करासकट किमतीतून कर वेगळा काढायचा तर ती किंमत ११८ भागांची आहे असं धरा : ५९० गुणिले १८ भागिले ११८, ९० रुपये. पाच टक्क्यांच्या मालाला हे तोंडी होतं, कारण १०५ मध्ये ५ म्हणजे एकविसावा भाग. ४२० रुपयांच्या मालात कर २० रुपये. अठरा टक्के लावायचे असतील तर वीस टक्के काढून त्याचाच दहावा भाग वजा करा : ६४० चे वीस टक्के १२८, वजा १२.८०, ११५.२०. हीच पायाची चूक सवलतीत होते. वीस टक्के सवलतीवर आणखी दहा टक्के म्हणजे तीस टक्के नव्हेत, अठ्ठावीस : शंभराचे ऐंशी झाले आणि दहा टक्के त्या ऐंशीचे.

आता वही. पावत्या उघडायच्या आधी फरकाकडे बघा, चूक कुठे आहे ते तोच सांगतो.

फरकाला ९ नं भाग जातो का ते पाहा, म्हणजे त्याच्या अंकांची बेरीज करा. समजा फरक २७० आहे. २ अधिक ७, ९. भाग जातो. याचा अर्थ बहुधा दोन अंकांची अदलाबदल झाली आहे. २७० ला ९० नं भागलं की ३ येतात, म्हणजे शतक आणि दशकाचे जे अंक उलटे पडले त्यांच्यात ३ चा फरक आहे : ६३० चे ३६०, ७४० चे ४७०, ४१० चे १४०. तेवढ्याच रकमा शोधा. असं का होतं? अंक एका घरातून शेजारच्या घरात गेला की त्याची किंमत दहापट होते किंवा दहावा भाग होते, म्हणजे वाढ किंवा घट नऊपटीची. याच कारणानं शून्य जास्त पडलं किंवा राहिलं तरी फरकाला ९ नं भाग जातो. ५० चे ५०० लिहिले तर फरक ४५०. त्याला ९ नं भागा, ५०, रक्कमच हातात आली.

नवाचा भाग जात नसेल आणि फरक सम असेल, तर त्याचं अर्ध करा. फरक ३४० असेल तर १७० ची नोंद शोधा. जमेची रक्कम नावे पडली असेल किंवा नावेची जमेला, तर फरक दुपटीचा येतो. फरक बरोबर १, १०, १०० किंवा १००० असेल तर बेरजेत हातचा राहिला किंवा दोनदा घेतला. आणि यातलं काहीच नसेल तर फरकाएवढीच रक्कम एखाद्या पावतीवर आहे का ते पाहा. नोंद राहून गेलेली असते. (युपीआयनं आलेले पैसे गल्ल्यात नसतात पण वहीत असतात. ते आधी वेगळे काढल्याशिवाय या युक्त्या चालणार नाहीत.)

बेरीज केल्याबरोबर नवाचा ताळा पाहायची सवय लावा. ४६७ अधिक ३८५ बरोबर ८५२. ४६७ च्या अंकांची बेरीज १७, पुन्हा ८. ३८५ ची १६, पुन्हा ७. आठ आणि सात १५, पुन्हा ६. उत्तराची ८, ५, २ मिळून १५, पुन्हा ६. ताळा जमला. पण त्याची मर्यादा ध्यानात असू द्या : ८५२ ऐवजी ८२५ लिहिलं तरी ताळा जमतोच. अदलाबदलीला तो आंधळा आहे, आणि ती तुम्हाला वरच्या फरकाच्या रीतीनंच सापडेल.

प्रश्न : ८ ÷ २(२+२) चं उत्तर १६ की १? मित्रांत रोज भांडण.
— एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : ‘कंचेभागुबेव’ म्हणजे कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. यात भागाकार-गुणाकाराचा मान सारखा आणि बेरीज-वजाबाकीचा सारखा, त्यामुळे डावीकडून जे आधी येईल ते आधी करायचं. १२ − ५ + ३ मध्ये ‘बे’ आधी आहे म्हणून ५ आणि ३ मिळवलेत तर उत्तर ४ येईल. ते चूक, उत्तर १०. या नियमानं तुमच्या गणिताचं उत्तर १६. पण बीजगणितात २(२+२) सारखं चिकटून लिहिलेलं एकच पद मानायचीही रूढी आहे, तिनं १ येतं. ज्याला स्पष्ट लिहायचं आहे तो आणखी एक कंस घालतो. भांडण गणिताचं नाही, अपुऱ्या लिहिण्याचं आहे. जाता जाता, २ + ३ × ४ हे फोनवर १४ येतं आणि दुकानातल्या साध्या कॅल्क्युलेटरवर २०, कारण तो दाबाल तसं लगेच करत जातो. बिल करताना हे विसरू नका.

प्रश्न : अबॅकस किंवा झटपट गुणाकाराचा क्लास लावावा का? फी बरीच आहे.
— एक पालक, ठाणे

उत्तर : अबॅकसच्या प्रत्येक दांडीवर वर पाचाचा एक मणी आणि खाली एकाचे चार. पाचाचे आणि दहाचे पूरक (७ मिळवायचे तर १० मिळवून ३ काढा) यामुळे बोटांत बसतात, हा खरा फायदा आहे. पण रोजचा सराव वर्षभर टिकला तरच, आणि तो फायदा मुख्यतः बेरीज-वजाबाकीपुरता. अपूर्णांक, टक्के, अदमास त्यातून येत नाहीत.

झटपट युक्त्यांबाबत आमचं मत कडक आहे : युक्ती का चालते हे मुलाला सांगता येत नसेल तर ती शिकवू नका. ९८ गुणिले ९७ घ्या. शंभराला २ आणि ३ कमी. ९८ मधून ३ काढले, ९५. दोन त्रिक सहा. उत्तर ९५०६. आता ८८ गुणिले ८६ : १२ आणि १४ कमी, ८८ वजा १४, ७४. बारा चौदे १६८. नुसती युक्ती पाठ केलेलं मूल ७४१६८ लिहितं. पहिल्या उदाहरणात तेच मूल ९५६ लिहितं, मधलं शून्य खाऊन. डावीकडचा भाग शतकांचा आहे हे ज्याला कळलं तो ७४०० अधिक १६८, ७५६८ करतो, आणि ‘दोन्ही नव्वदच्या आत, म्हणजे उत्तर नव्वद गुणिले नव्वद, ८१०० च्या आत’ हेही मनात धरून असतो. ७४१६८ त्याच्या हातून होणारच नाही.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत असतो. पाढे मराठीत शिकवावेत की इंग्रजीत?
— एक आई

उत्तर : पाठ केलेले गुणाकार ज्या भाषेत पाठ होतात त्याच भाषेत चटकन आठवतात. गणिताची शाळा इंग्रजीत असेल तर तिथेही अडता कामा नये. पण ‘सात अठ्ठे छप्पन्न’ जितकं आटोपशीर आहे तितकं इंग्रजी वाक्य नाही, आणि लय मोठी मदत करते. दोन्ही करा, पण आधी एका भाषेत पक्के होऊ द्या, मगच दुसरी.

प्रश्न : खिशात फोन असताना तोंडी हिशेबाचा अट्टहास का? मी २४ वर्षांचा आहे, कधी अडलं नाही.
— पिंपरी-चिंचवड

उत्तर : तुम्ही कुठे अडलात हे फोन तुम्हाला सांगत नाही, म्हणून. एक नेहमीचं उदाहरण घ्या. एक लाखाचं कर्ज, मुदत १२ महिने, ‘फक्त १० टक्के फ्लॅट’, म्हणजे वर्षभर पूर्ण लाखावरच व्याज. हप्ता १,१०,००० भागिले १२, ९,१६७ रुपये. फोनवरही हेच येईल आणि सगळं ठीक वाटेल. पण दर महिन्याला मुद्दल फिटत जातं. सरासरीनं तुमच्याकडे वर्षभर लाख रुपये नसतात, निम्म्याहून थोडेच जास्त, ५४ हजारांच्या आसपास असतात. ५४ हजारांवर १० हजार व्याज म्हणजे १८ टक्क्यांच्या घरात. हा विचार कागदाशिवाय पाऊण मिनिटात होतो, पण बटण दाबून सुचत नाही. तसंच ‘शेकडा तीन’. ऐकायला हलकं वाटतं. ते दरमहा आहे, वर्षाचे ३६ टक्के. ४० हजारांवर महिन्याला १२०० रुपये.

हे कौशल्य ओसरलं यात शंका नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीत पाचवीच्या मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागायला देतात. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या ३०.७ टक्के मुलांनाच ते जमलं. दुसरीकडे २०२५ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्तेर ड्युफ्लो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारात विक्री करणारी मुलं अवघड व्यवहार तोंडी बिनचूक करतात, पण तेच गणित शाळेच्या रूपात दिलं की अडतात. शाळेतली मुलं नेमकी उलट : कागदावर जमतं, बाजारात नाही. म्हणजे हिशेब जिथे रोज लागतो तिथेच रुजतो. पूर्वी सुटे पैसे घेऊन वाण्याकडे जाणाऱ्या पोराला तो रोज लागायचा. आता क्यूआर कोडवर नेमकी रक्कम जाते आणि परत मोजून घ्यायला काही उरतच नाही. ही संधी मुलांच्या हातून गेली, आणि तिची जागा अजून कशानंही भरलेली नाही, याची आम्हाला खरी काळजी वाटते.

तुमच्यापुरतं एवढं करा : फोन काढायच्या आधी उत्तराचा अदमास बोला. ४८ गुणिले ५२ म्हणजे पन्नास पन्नासे, २५०० च्या जवळ. फोननं २४९६ दाखवलं तर ठीक. २६,४९६ दाखवलं तर एक आकडा दोनदा दाबला गेला आहे.

प्रश्न : वय ६८. पूर्वी तोंडी होणारे हिशेब आता होत नाहीत. विस्मरणाची सुरुवात तर नसेल?
— नाशिक

उत्तर : वापर सुटला की वेग कमी होतो, तो रोजच्या सरावानं बराच परत येतो. पण ओळखीचे व्यवहारच चुकू लागले असतील, जसं बिल दोनदा भरणं, नोट ओळखताना गोंधळणं, नेहमीचा हिशेब मध्येच सुटणं, तर सराव करत थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : घरच्या घरी रोज दहा मिनिटं करता येईल असा, उत्तरपत्रिका न लागणारा सराव सुचवाल का?
— एक आई, सोलापूर (याच आशयाची आणखी पत्रं)

उत्तर : याला देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांच्या शोधाइतकं चांगलं दुसरं काही नाही. १९४९ मध्ये त्यांना हे सापडलं. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावून मोठ्यात मोठी संख्या करा, चढत्या क्रमानं लहानात लहान, आणि वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतंच, आणि तिथून पुढे तेच येत राहतं.

३५२४ घ्या. ५४३२ वजा २३४५, ३०८७. ८७३० वजा ०३७८, ८३५२. ८५३२ वजा २३५८, ६१७४. तीनच पायऱ्या झाल्या. ४५८२ घेतलं तर पूर्ण सात लागतात.

हा सराव उसना घ्यायला भरपूर लावतो, आणि उत्तर कोणी तपासावं लागत नाही. शिवाय प्रत्येक वजाबाकीच्या उत्तराला ९ नं भाग गेलाच पाहिजे, कारण तेच अंक नुसते जागा बदलतात. अंकांची बेरीज ९, १८ किंवा २७ नसेल तर चूक त्याच पायरीत आहे, मागे जायला नको. पहिल्या आठवड्यात कागदावर, मग उत्तरंच फक्त लिहायची, मग तोंडी. गाड्यांच्या नंबरप्लेटा हा न संपणारा साठा आहे.

एकच ठिकाण जपा. २१११ सारखी संख्या आली की २१११ वजा १११२, ९९९ येतात. हे चार अंकी ठेवायचे, ०९९९. मग ९९९० वजा ०९९९, ८९९१, आणि पुढे ८०८२, ८५३२, ६१७४. पुढचं शून्य लिहायचं राहिलं तर मूल ९९९ मधून ९९९ काढतं, हाती शून्य येतं, आणि ‘हे चालत नाही’ म्हणून वही मिटतं.